अठ्ठावीस की तेहतीस

“काका, तुम्हाला कुठल्या लोकांत धरू?” साखरताईने यांना विचारलं. यांचं उत्तर मला माहीत होतं.

“वडिलांच्या,” हे म्हणाले. “दर वेळी सांगतो की. समुद्रापलीकडचे.”

साखरताई म्हणजे मधुमेहाच्या दवाखान्यातली नर्स. तिचं खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पण सगळे पेशंट तिला साखरताईच म्हणतात आणि तीही ओ देते. बोटाला सुई टोचताना ती असं काही बोलते, की दुखायचं राहूनच जातं. त्या दिवशी मात्र ती गप्प होती. तिने कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला आणि खुर्ची पुढे ओढली.

“काकू, तुम्हीही बघा. किडनी शंभरातलं किती काम करते, त्याचा हा अंदाज. रक्तातला कचरा मोजायचा, मग वय घालायचं, बाई की पुरुष ते घालायचं, आणि माणूस इकडचा की पलीकडचा ते घालायचं. काकांना पलीकडचे धरलं तर तेहतीस येतात. इकडचे धरलं तर अठ्ठावीस.”

“रक्त तेच ना?” मी विचारलं.

“तेच.”

“माणूस तोच?”

“तोच.”

“मग मधले पाच आले कुठून?”

“कोणीतरी पूर्वी ठरवलं, की पलीकडच्या लोकांच्या अंगात मांस जास्त. मांस जास्त म्हणून रक्तात कचराही जास्त, त्यात किडनीचा दोष नाही. म्हणून त्यांचा आकडा थोडा वाढवून द्यायचा. बऱ्याच ठिकाणी हा रकाना काढून टाकलाय म्हणतात. आमच्याकडे अजून आहे.”

हे एकदम खुलले. “बरोबर आहे ते. बाबा धान्याचं पोतं एका हाताने उचलायचे.”

“बाबा उचलायचे हो,” मी म्हणाले. “तुमच्या किडनीने कधी पोतं उचललंय?”

साखरताईला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. तिने सांगितलं ते मी लक्ष देऊन ऐकलं. आकडा तीसच्या खाली गेला, की मोठ्या इस्पितळातला किडनी विभाग पेशंटला आपल्याकडे घेतो. तिथले डॉक्टर औषधं बदलतात, खाणंपिणं ठरवून देतात, पुढे रक्त शुद्ध करणारं मशीन लागणारच असेल तर वेळेवर तयारी करतात. तीसच्या वर असलं, की तिकडचे लोक म्हणतात, सहा महिन्यांनी या.

सहा महिने म्हटल्यावर मला दादा आठवला. माझा सख्खा भाऊ. घरात सगळेच त्याला दादा म्हणायचे, मीही. त्यालाही साखर होती. अजून ठीक आहे, अजून ठीक आहे, असं म्हणता म्हणता एके दिवशी त्याचे पाय सुजले, मग तोंड सुजलं. किडनीच्या डॉक्टरांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. महिनाभरात दादा गेला. जाताना माझा हात धरून म्हणाला, “ताई, मला कुणी आधी सांगितलंच नाही गं.” धाकटा होता माझ्याहून.

“मग इकडचे धरा,” मी म्हणाले. “यांची आई इकडचीच होती. खोटं थोडंच आहे?”

“खोटं नाही, काकू. पण काका सांगतील ते लिहायचं असतं. आणि ह्या यंत्राला अर्धं कळत नाही. हे नाहीतर ते.”

“नाही,” हे म्हणाले.

हळूच म्हणाले. इतकी वर्षं संसार केलाय मी. यांनी मोठ्याने म्हटलेलं ‘नाही’ मी दुपारपर्यंत ‘हो’ करून घेते. हळूच म्हटलेलं ‘नाही’ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. साखरताईने एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि “आज काहीच लिहीत नाही, चार दिवसांनी बोलू,” असं म्हणून पडदा परत आपल्याकडे वळवला.

घरी येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. मी गप्प बसले की यांना फार जड जातं. आल्या आल्या हे मागच्या मोरीत जाऊन किटल्या घासत बसले. सकाळीच घासलेल्या होत्या.

यांचा धंदा दुधाचा. डेअरीतून दूध उचलायचं, गाडीत घालायचं आणि दारोदार पोचवायचं. दूधवाल्याला जग काय विचारतं ते ठाऊकच आहे. “आज पाणी किती?” दर दारी तोच विनोद, आणि हेही दर दारी हसतात, जसा काही पहिल्यांदाच ऐकला. पण एक थेंब पाणी घातल्याचं पाप या माणसाच्या नावावर नाही. एका हॉटेलवाल्याने एकदा समजावलं होतं, “अहो, सगळेच घालतात. तुम्हीही घाला, मलाही स्वस्तात द्या.” यांनी भरलेली किटली तशीच उचलली आणि पायऱ्या उतरून आले. एवढं मोठं गिऱ्हाईक गेलं म्हणून मी चार दिवस फणफणत होते. मनातून बरंही वाटलं होतं, पण ते मी बोलून दाखवलं नाही.

मी मोरीच्या दारात उभी राहिले. “मला कारण सांगा.”

“कसलं?”

“अहो, आता नाटकं नकोत. आई काय तुमची कोणी नव्हती? तिच्या बाजूने एकदा म्हटलं तर काय जिभेला फोड येणार आहे?”

यांनी किटली उपडी ठेवली. मग पाठमोरेच बोलायला लागले.

यांचे वडील बोटीवर स्वयंपाकी होते. तापाने फणफणले म्हणून बोटीने त्यांना इथल्या बंदरात उतरवलं आणि बोट पुढे गेली. बरे झाल्यावर ते डेअरीत कामाला लागले, आणि डेअरीच्या मालकाच्या मुलीने त्यांच्याशी लग्न केलं. एवढं मला ठाऊक होतं. त्या मालकाचा मुलगा, म्हणजे यांचा मामा, त्याने हे लग्न मरेपर्यंत मानलं नाही, तेही ठाऊक होतं. पुढचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“शाळेत घालायला मामा आला होता. बाबाही आले होते, पण मामा म्हणाला, तुम्ही फाटकाशीच थांबा, उगाच पोराला त्रास. मास्तरांनी विचारलं, पोरगा कुठला? मामा म्हणाला, आमचाच, इकडचा. मी काही बोललो नाही. केवढासा होतो मी. खिडकी उघडी होती, बाबांनी सगळं ऐकलं. मी बाहेर आल्यावर मला खांद्यावर बसवलं आणि घरापर्यंत त्यांच्या भाषेतलं गाणं म्हणत आणलं. मला वाटलं, आज बाबा खूश आहेत.”

“मग?”

“मग काय. त्याच वर्षी डेअरीतला बॉयलर फुटला. बाबा गेले. मामाच्या घरात पुन्हा त्यांचं नाव निघालं नाही. फोटो नाही त्यांचा, भाऊबंद नाहीत. त्यांची भाषा मला येत नाही. कोणी विचारलं कुठले, की मी म्हणतो पलीकडचा. तेवढेच उरलेत गं ते. मीही नाही म्हटलं की संपलेच.”

मला रडू आलं. आणि रडू आलं की मी भांडते, ही माझी जुनी खोड आहे.

“आणि तुम्हीच नसलात तर? मग कोण म्हणणार पलीकडचे? बाबांना ठेवायचं तर आधी तुम्ही राहायला नको का?”

हे उठले, हात पुसले. “चल, जेवण निवतंय,” एवढंच म्हणाले. जेवताना माझ्या ताटात न मागता भाकरीचा तुकडा वाढला. यांची माफी मागायची हीच रीत आहे, पण नाही ते नाहीच.

दुसऱ्या दिवशी हे फेरीवर गेल्यावर मी एकटीच दवाखान्यात गेले. लाज सोडून साखरताईला म्हणाले, “हळूच इकडचे करून टाका. त्यांना कळायचंही नाही. माझी शपथ आहे तुम्हाला.”

साखरताईने मला पाणी दिलं. “काकू, करायला मला एक बटण पुरे. पण उद्या किडनीवाल्यांकडे काका स्वतःच सांगतील, मी पलीकडचा. मग? आणि काकांच्या नकळत त्यांच्या बाबांना मी खोडू?”

मी पदराने डोळे पुसले. तेवढ्यात तिने वेगळंच विचारलं. “काकांच्या अंगात पूर्वीइतकी ताकद आहे का हो? हे यंत्र धरून चाललंय की काका पैलवान आहेत.”

मग मी तिला सांगितलं ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. गेली दोन वर्षं मी यांच्या सदऱ्यांच्या बाह्या आणि खांदे आवळून घेतेय. हे विचारतात, सदरा सैल का झाला? मी म्हणते, कापड धुऊन धुऊन पसरलंय. लग्नात ज्या खांद्यांवरून माझी नजर हलत नव्हती, त्या खांद्यांची हाडं आता माझ्या बोटांना लागतात. मी मशीनवर बसून गुपचूप शिवते आणि उरलेल्या पट्ट्या चुलीत टाकते.

साखरताई उठली आणि आतल्या डॉक्टरांना घेऊन आली. तरुण पोरगा, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. “अंदाजावर भांडायचं कशाला?” तो म्हणाला. “मोजूनच घेऊ. पूर्ण दिवसाची लघवी साठवायची, एकदा रक्त द्यायचं. मग इकडचे नाही, पलीकडचे नाही. जे असेल ते.”

“हे आधी नाही होय सुचलं?” मी म्हणाले.

“लोकांना कंटाळा येतो, काकू. दिवसभर सगळी धरून ठेवायची, एक थेंब वाया घालवायचा नाही, थंड ठेवायची. निम्मे लोक अर्धवट आणतात.”

“आमचे हे अर्धवट नाही आणायचे. मापात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही.”

साखरताईने मला एक पांढरा कॅन दिला. मी म्हणाले, आमच्या घरी काय कॅनची कमी आहे? ती म्हणाली, “काकू, दुधाचा नको हं, पाया पडते.” कितीतरी दिवसांनी मी पोट धरून हसले.

मोजायचं म्हटल्यावर हे लगेच तयार झाले. मोजण्यावर यांचा विश्वास. फेरी शेजारच्या दूधवाल्याकडे सोपवली आणि लग्नानंतर पहिल्यांदा कामाच्या दिवशी घरी बसले. सांगितल्याप्रमाणे सकाळची पहिली धार सोडून दिली आणि तिथून पुढची सगळी कॅनमध्ये. कॅन मोरीत, बर्फाच्या टबात. मी बाहेरून विचारायची, “झालं?” आतून उत्तर यायचं, “अगं, माणसाला जरा एकांत दे.” संध्याकाळी शेजारीण डोकावली आणि टब पाहून म्हणाली, आइस्क्रीम करताय की काय? हे न बोलता आतल्या खोलीत गेले आणि ती जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या सकाळी आम्ही कॅन पिशवीत घालून दवाखान्यात नेला. सगळ्या रस्ताभर हे शब्दाने बोलले नाहीत. मला वाटलं, आकड्याचं भय. साखरताईने यांचं रक्त घेतलं, मग हातमोजे घालून कॅन उचलला, तेव्हा हे अचानक उभे राहिले.

“ताई, थांबा. त्यात पाणी आहे.”

मी यांच्याकडे बघतच राहिले.

“काल दिवसभर साठवून बघितलं तर सव्वा लिटरसुद्धा नाही,” हे खाली मान घालून म्हणाले. “माप कमी दिसत होतं. मला वाटलं, एवढंसं घेऊन कसं जायचं. तांब्याभर पाणी घातलं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “आयुष्यात पहिल्यांदा घातलं.”

या माणसाने हॉटेल सोडलं होतं पाण्यापायी. आणि पाणी घातलं ते कशात, तर ह्यात. मला हसावं की रडावं कळेना. मी यांचा हात धरला.

साखरताई हसली नाही. त्याबद्दल मी तिची जन्मभर ऋणी राहीन. तिने कॅन खाली ठेवला आणि विचारलं, “काका, टाकलं तर नाही ना काही?”

“थेंब नाही.”

“मग बिघडलं नाही. आम्ही बघतो, दिवसभरात किडनीने एकूण कचरा किती बाहेर टाकला. तुम्ही तांब्याभर घाला नाहीतर बादलीभर घाला. पाण्याने कचरा वाढत नाही आणि कमीही होत नाही. पातळ झालं तर झालं, आतलं सगळं आहे तेवढंच आहे.”

“म्हणजे चालेल?”

“चालेल. दुधात मात्र घालू नका.”

हे खुर्चीवर बसले आणि यांच्या डोळ्यांना धार लागली. मी पदर पुढे केला. तिथे बसलेल्या दुसऱ्या पेशंटने वर्तमानपत्र चांगलं तोंडापर्यंत वर घेतलं.

आकडा दोन दिवसांनी आला. चोवीस.

अठ्ठावीस नाही, तेहतीस नाही. दोन्हीपेक्षा खाली. डॉक्टरांनी समजावलं, की अंगातलं मांस झिजलं म्हणून रक्तात कचरा कमी दिसत होता, आणि त्यामुळे किडनी आहे त्याहून बरी वाटत होती. किडनी विभागाची तारीख त्यांनी तिथल्या तिथे फोन करून घेतली. “अगदी वेळेवर आलात,” ते म्हणाले. मला दादाचा चेहरा दिसला. वाईट बातमी ऐकून कोणाला इतकं हायसं वाटलं नसेल.

हे आपल्या दंडाकडे बघत होते. “म्हणजे बाबांचे खांदे गेले म्हणायचे.”

“अहो, मी सांगणार होते,” मी म्हणाले. “ते सदरे...”

“माहीत आहे मला. शिवण दिसते की. डेअरीत मोठा आरसा आहे.”

“मग बोलला नाहीत ते?”

“तू एवढी जिवापाड आवळतेस, मी कशाला बोलू?”

दोन वर्षं. दोन वर्षं दोघंही एकमेकांपासून तेच लपवत होतो. मला यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की चारचौघांत मी यांच्या कॉलरची उलटी घडी सरळ करत बसले.

निघताना यांनी साखरताईला विचारलं, “आणि तो रकाना? त्यात काय लिहिलंत?”

“मोकळा सोडला, काका. मोजल्यावर त्याची गरज नाही. आता पुढे कोणी विचारणार नाही.”

“बरं झालं,” हे म्हणाले. पण पायऱ्या उतरताना मध्येच थांबले. “कोणी विचारणार नाही म्हणाली ती.”

मी यांचा दंड धरला आणि आम्ही उतरलो.

किडनी विभागातल्या डॉक्टरीणबाई पिकलेल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. औषधं बदलली, मीठ तोडलं. मशीनची घाई नाही म्हणाल्या, नीट सांभाळलंत तर बरीच वर्षं निघतील. मग यांचा डावा हात उलटा करून शिरा दाबून पाहिल्या. “हा हात आजपासून जपायचा. पुढे कधी मशीन लागलं तर ह्याच शिरा कामी येतील. ह्याला सुई नाही, ब्लडप्रेशरचा पट्टा नाही, जड ओझं नाही.”

यांच्या डाव्या हातात किटली आणि उजवा हात बेलवर, अशी सगळी हयात गेलेली. उजव्या खांद्याने वर्षापूर्वीच दगा दिलाय. बाईंना हे यांनी सांगितलं नाही. नुसते “हो” म्हणाले.

त्यानंतरच्या सकाळी हे नेहमीसारखे उठले, डेअरीतून दूध आणलं. पहिल्या इमारतीखाली गाडी उभी राहिली तेव्हा मी मागच्या बाजूने उतरले. मी गाडीत आहे हे यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक नाही असं दाखवत होते. यांनी डावा हात किटलीच्या कडीला लावला, मग आठवण होऊन मागे घेतला. उजवा लावला. किटली जमिनीपासून वीतभर उचलली आणि पुन्हा खाली टेकवली.

मी कडीची एक बाजू धरली. “धरा तिकडून.”

“अगं, लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, पाणी वाढलं म्हणून दोघं लागतात उचलायला.”

हे हसले. मग यांनी उजव्या हाताने दुसरी बाजू धरली आणि आम्ही जिना चढायला लागलो. किटली मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. पहिल्या वळणावर दम घ्यायला थांबलो, तेव्हा मी विचारलं, “काय हो दूधवाले, कुठले तुम्ही?”

“आं?” हे म्हणाले.

“विचारतेय मी. आता दुसरं कोणी विचारणार नाही, तर मी विचारायचं ठरवलंय. रोज विचारणार. कुठले?”

“पलीकडचा,” हे म्हणाले. मग म्हणाले, “आणि इकडचाही.”

“मग चला. चहा खोळंबलाय लोकांचा.”

पुढचा जिना चढताना यांनी घशातल्या घशात काहीतरी गुणगुणायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत ते मी ऐकलं नव्हतं. शब्द नव्हते त्याला, शब्द यांना येतच नाहीत. नुसती चाल होती, आणि ती पायरीगणिक बरोबर पडत होती. मी तिच्यावर पाय टाकत गेले. किटली हलली नाही.